घाणेरीवर आकाशातून फवारा? चांदोलीत कुदळच बरी

घाणेरी (लँटाना) या रानभर पसरणाऱ्या परक्या झुडपावर ड्रोनने तणनाशक मारून रान साफ करण्याची कल्पना अधूनमधून निघते. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यानात ती कायद्यालाच अडते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 चे कलम 32 अभयारण्यात वन्यजीवांना अपाय करू शकणारी रसायने वापरू देत नाही. राष्ट्रीय उद्यानालाही तेच लागू. शिवाय ग्लायफोसेट या तणनाशकाला घाणेरी काय अन् स्थानिक पवना गवत काय, दोन्ही सारखीच. वाऱ्याने थेंब ओढ्यात जातात ते वेगळेच, आणि मातीतले बी शाबूत राहते.

घाणेरी कोयत्याने छाटली की आणखी दाट फुटते. फुटवा येतो तो खोड आणि मूळ जुळतात त्या जागेतून, म्हणून घाव तिथे नाही, त्याच्या खाली हवा. बुंध्याभोवतीची माती कुदळीने सारायची, सोटमूळ जमिनीखाली 3 ते 5 सेंटिमीटरवर तोडायचे आणि झुडूप उलटे, मुळ्या वर करून वाळू द्यायचे. पावसात सरळ टेकवून ठेवले तर पुन्हा रुजते! फळे धरण्याआधी हे उरकावे, कारण काळी फळे खाऊन बुलबुल बी लांबवर टाकतात. त्यांच्या बसण्याच्या झाडांखाली पुढची दोन-तीन वर्षे रोपे उपटत राहावे लागते. खरा खर्च इथेच, आणि निधी नेमका इथेच आटतो.

रानमोडी हे दुसरे परके झुडूप काढायला सोपे: ओल्या मातीत हाताने उपटते. पण बी वाऱ्यावर उडते, म्हणून फुलण्याआधी.

मोकळी जागा उघडी ठेवू नका. लगेच मारवेल, पवना या गवतांचे स्थानिक बी टाका.