चर्चच्या हॉलमधली सुट्टी

गड्ड्याच्या जत्रेच्या निमित्तानं जानेवारीत आठवडाभर सोलापुरात होतो. मावशी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसली होती आणि मी बोलता बोलता सांगून गेलो, की ऑगस्टमध्ये मी एका चर्चमध्ये भांडी घासतो. तिचा हात थांबला नाही (विड्या वळणाऱ्या बाईचा थांबतच नाही), पण मान वर झाली.

"इतकं शिकून भांडी? कुणाची?"

"पोरांची. सुट्टीत जेवायला येतात."

"गोऱ्यांची पोरं? त्यांना काय कमी आहे रे?"

इंग्लंडातल्या ग्लॉस्टरला राहायला जाईपर्यंत मलाही असंच वाटायचं. २०२३-२४ च्या सरकारी आकडेवारीनुसार, घराचा खर्च वजा केल्यावर, ब्रिटनमधली सुमारे ४५ लाख मुलं गरिबीत होती. दहातली तीन. ती गरिबी पटकन दिसत नाही; पायात बूट असतात, अंगावर गणवेश असतो. हलाखीच्या घरांतल्या मुलांना शाळेत दुपारचं जेवण फुकट मिळतं, पण उन्हाळ्यात सहा आठवडे शाळेला कुलूप. आपल्याकडे मे महिन्यात शाळेतली खिचडी थांबते, तसंच. २०२० मध्ये मार्कस रॅशफोर्ड या फुटबॉलपटूनं यावरून सरकारला नमवलं. आता सुट्टीतल्या जेवणाला सरकारी पैसा आहे, पण सहापैकी चारच आठवड्यांचा.

आमच्या भागातल्या चर्चच्या या सुट्टीतल्या उपक्रमाच्या पत्रकावर 'गरीब' हा शब्द कुठेच नसतो. फुटबॉल, मातीकाम, चित्रं, आणि साडेबाराला सगळ्यांना जेवण. खरी नड कुणाला आहे ते कळतं ताटावरून. कोण तिसऱ्यांदा रांगेत येतं, कोण ब्रेडचा तुकडा हळूच खिशात सरकवतं. आम्ही तेव्हा बेसिनकडे बघायचं, हा नियम. तिथली प्रमुख बाई निवृत्त नर्स आहे. पहिल्याच दिवशी तिनं मला बजावलं, की मुलांना "काल रात्री काय जेवलास?" असं कधीही विचारायचं नाही.

"म्हणजे अक्कलकोटच्या अन्नछत्रासारखं की," मावशी म्हणाली. जवळपास. तिथं सगळे भक्त म्हणून पंगतीला बसतात, इथं सगळे खेळून दमलेले म्हणून.

मग तिनं तो प्रश्न विचारलाच. "आणि येशूचं नाव घ्यायला लावतात का?"

जेवणाआधी दोन ओळींची प्रार्थना होते. ज्याला वाटेल तो हात जोडतो, बाकीचे बीन्स चिवडत बसतात. माझा धर्म तीन वर्षांत कुणी विचारला नाही. विचारली ती पोलिसांकडची पडताळणी. तिच्याशिवाय मुलांच्या कामावर घेत नाहीत, आणि बरोबरच आहे. मुलांच्या छळाचं एक जुनं प्रकरण नीट हाताळलं नाही म्हणून कँटरबरीच्या तेव्हाच्या आर्चबिशपांना, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या सर्वोच्च धर्मगुरूंना, जस्टिन वेल्बींना, नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीनामा जाहीर करावा लागला होता.

मावशीचा प्रश्न मात्र जुना आहे. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडातल्या वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, मग ग्लॉस्टरशेजारच्या चेल्टनहॅमला शिकल्या, शिकवलंही. पुढे त्यांच्या शारदा सदनात धर्मांतर होतं म्हणून पुण्यात गदारोळ झाला, पालकांनी मुली काढून नेल्या. त्याच बाईंनी दुष्काळातल्या शेकडो मुलींना केडगावला आणून जगवलं. सोलापूरहून पुण्याला जाताना दौंड सोडलं, की लागतं ते केडगाव. या भांडणात न्याय कुणाच्या बाजूनं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मावशीला जास्त पटला तो रॉबर्ट रेक्स, ग्लॉस्टरचाच वर्तमानपत्रवाला. तिथली पोरं आठवड्याचे सहा दिवस टाचण्यांच्या कारखान्यात राबायची, मोकळा फक्त रविवार. म्हणून १७८० मध्ये त्यानं रविवारची शाळा काढली. बायबल समोर ठेवून का होईना, पोरं वाचायला शिकली. टाचण्यांच्या जागी तेंदूची पानं ठेवली, की हे मावशीचंच लहानपण. तिला रविवारही नव्हता.

निघायच्या दिवशी तिनं किलोभर शेंगाचटणी बांधून दिली. "त्या पोरांना भाकरीबरोबर दे. नाहीतर त्यांच्या त्या पावाला लावून दे."

आमच्या हॉलच्या दारावर शेंगदाण्याचं चित्र आहे आणि त्यावर लाल फुली. काही मुलांना शेंगदाण्याच्या कणानंही घसा सुजून जीव गुदमरतो. मावशीला हे सांगणार होतो, पण तोवर तिनं पिशवीला दुसरी गाठ मारली होती. चटणी माझ्या फ्रीजमध्ये आहे. परवा फोनवर तिनं विचारलं, "तिखट लागली का रे पोरांना?"

"थोडी," म्हणालो.