नवं इंजिन, जुनी बॉडी आणि न हलणारा काटा

जुन्या गाडीत नवीन इंजिन टाकायचं म्हटलं की सगळ्यांचं लक्ष इंजिनकडेच असतं, माउंटिंग जुळेल का, रेडिएटर बसेल का, बोनेट लागेल का वगैरे. ते सगळं वेल्डिंग आणि ग्राइंडरने सुटतं हो. खरी वाट लागते ती वायरिंगमध्ये. मी ऑटो इलेक्ट्रिशियन आहे, त्यामुळे माझ्याकडे गाडी येते तीच "दादा, बाकी सगळं झालंय, फक्त वायरी जोडायच्यात" असं म्हणत. हे "फक्त" ऐकलं की मी आधी चहा पिऊन घेतो.

ही गाडी कार्ब्युरेटरच्या काळातली, बॉडी एकदम कडक. मालक तरुण पोरगा, वडिलांची गाडी म्हणून जीव लावलेला. त्याने स्क्रॅपला निघालेल्या एका नव्या गाडीतून फ्युएल इंजेक्शनचं इंजिन, गिअरबॉक्स, ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर), अख्खी वायरिंग आणि डॅशबोर्ड मीटरसकट उचलून आणला होता. वायरिंग कापली नव्हती, कपलरला कपलर (वायरी जोडायचे प्लग) शाबूत, त्याबद्दल मी त्याला तिथेच शाबासकी दिली, कारण बहुतेक लोक मधूनच कटर मारून आणतात आणि मग एकाच रंगाच्या पाच वायरी घेऊन आपण बसायचं.

फिटरने इंजिन बसवलं होतं. टाकीत नवीन पंपही टाकला होता, तो लागतोच, जुना मेकॅनिकल पंप जेमतेम पाव बार प्रेशर देतो आणि या इंजेक्टरना तीन बारच्या आसपास हवं. मी ईसीयूला बॅटरी, इग्निशन आणि अर्थ दिला, अर्थ तर नेहमी जास्तीचाच देतो, आणि सेल्फ मारला. एका झटक्यात चालू! पोरगा टाळ्या वाजवणार तेवढ्यात बंद. परत मारला, परत दीड-दोन सेकंद चालून बंद, अगदी घड्याळ लावल्यासारखं.

फिटर म्हणे पंप गेला. मी गेज लावला, प्रेशर जागच्या जागी. मग इंजेक्टरच्या कपलरला टेस्ट लाइट लावला तर इंजिन चालू होताना दिवा लुकलुकतोय आणि मग गपकन थांबतोय. म्हणजे पेट्रोल आहे पण ईसीयूच इंजेक्टर उघडायचं बंद करतोय, ठरवून. मीटरकडे बघितलं तर कोपऱ्यात चावीचा बारका दिवा ब्लिंक होत होता. इमोबिलायझर, म्हणजे ओळखीच्या चावीशिवाय इंजिन चालू न देणारं चोरीविरोधी कुलूप.

पोराला विचारलं, त्या गाडीची चावी कुठंय? तर म्हणे चावी कशाला आणू, माझं लॉक जुनंच ठेवायचंय ना. आता त्याला तरी काय बोलणार, जुन्या गाडीत चावी म्हणजे नुसता लोखंडाचा तुकडा. नव्या चावीच्या प्लॅस्टिकमध्ये चिप असते, लॉकभोवतीची रिंग अँटेना ती वाचते, आणि तो नंबर ओळखीचा नसला की ईसीयू इंजिन दोन सेकंदात मारून टाकतो. नशीब म्हणजे स्क्रॅपवाल्याकडे लॉकमध्येच अडकलेली ती चावी सापडली, पाती वाकलेली पण डोकं शाबूत. चिप काढून रिंगजवळ धरली, सेल्फ मारला, आणि इंजिन मस्त आयडलला बसलं.

चिप तिथेच रिंगला कायमची चिकटवून टाकू असं फिटर म्हणत होता, बरेच जण करतात तसं. मला ते पटत नाही. मग इमोबिलायझर असून नसल्यासारखा, कुणीही वायर ओढून गाडी नेईल. म्हणून रिंग जुन्या लॉकभोवती बसवली आणि पोराच्या चावीला जाड कव्हर करून चिप त्यात घातली.

आता राहिला मीटर, आणि दिवस खाल्ला तो यानेच. आरपीएम दाखवतोय, टेंपरेचर दाखवतोय, स्पीडचा काटा मात्र मेलेला. जुन्या गाडीत गिअरबॉक्समधून केबल यायची, ती फिरली की काटा फिरला, संपला विषय. या मीटरला केबलच नाही. त्याला वेग कळतो कॅन बसवरून, म्हणजे पिळ घातलेल्या दोन वायरींवर सगळे मॉड्यूल, म्हणजे गाडीतले छोटे कॉम्प्युटर, आपापला आकडा ओरडत असतात आणि ज्याला जो हवा तो ऐकतो. बॉशने १९८६ मध्ये आणलेली ही पद्धत आज जवळपास प्रत्येक गाडीत आहे. वेगाचा आकडा ओरडायचं काम एबीएसच्या, म्हणजे ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या सिस्टीमच्या मॉड्यूलचं, आणि एबीएस तर स्क्रॅपमध्येच राहिलं!

आधी बॅटरी काढून बसच्या दोन वायरींमध्ये मल्टीमीटर लावला. १२० ओहम. हवे होते ६०, कारण दोन्ही टोकांना १२०चा एकेक रेझिस्टर असतो, इथे एक टोक मागे राहिलेल्या मॉड्यूलबरोबर गेलेलं. रेझिस्टर टाकला, ते पाच मिनिटांचं काम.

मग त्याच मॉडेलची एक चालू गाडी मिळवली, जॅकवर चढवली, बसला लॅपटॉप जोडला आणि पोराला सांगितलं, हाताने चाक फिरव. स्क्रीनवर आकड्यांचा नुसता पाऊस, पण एका मेसेजमधले दोन बाइट चाक फिरलं की बदलायचे आणि थांबलं की शून्य. सापडला!! खरं सांगतो, इतकी वर्षं हे करतोय पण त्या क्षणाला अजून अंगावर काटा येतो.

केबलच्या जागी हॉल सेन्सर (चुंबकाच्या जोरावर फिरणं ओळखून पल्स देणारा) बसवला, त्याचे पल्स मोजून तोच मेसेज तयार करणारा छोटा कंट्रोलर लिहिला, आणि गाडीचं पुढचं चाक उचलून गिअरमध्ये टाकलं तर काटा वर गेला आणि लगेच धपकन शून्यावर. पुन्हा तेच. परत रेकॉर्डिंग बघत बसलो तेव्हा दिसलं की त्या मेसेजमध्ये एक बाइट दर वेळी एकाने वाढते. ती हजेरी असते, ती वाढली नाही की मीटर समजतो समोरचा मॉड्यूल अडकलाय आणि त्याचं ऐकणंच सोडतो. तेवढं वाढवलं आणि काटा टिकला. मोबाइलच्या जीपीएसशी जुळवून मुद्दाम किंचित जास्त दाखवेल असा ठेवला, कारण मीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवू नये असं यूएनच्या रेग्युलेशन ३९ मध्येच आहे.

पेट्रोलचा काटा अजून उलटा होता, रिकाम्या टाकीला फुल्ल! जुन्या फ्लोटचा रेझिस्टन्स टाकी भरताना कमी होतो आणि या मीटरला वाढणारा हवा. त्याच कंट्रोलरमधून उलटवून दिला.

निघताना पोरगा हळूच म्हणाला, दादा मीटरमध्ये त्या गाडीचे किलोमीटर दिसतायत, आपल्या जुन्या गाडीचे टाकता येतील का, थोडे कमीच आहेत. नाही म्हटलं. दोन्ही रीडिंग, तारीख आणि इंजिन नंबर कागदावर लिहून सही करून दिलं, आणि इंजिन नंबर आधी कागदपत्रांवर चढवून घे, ताकद वाढलीये तर ब्रेकही बघून घे म्हणून फिटरकडे परत पाठवलं.