पाच हात नसले तर?

पाच हात नसले तरी तारामासा ओळखायचा कसा, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मी प्राणिशास्त्र शिकवतो हे कळलं, की लग्नाच्या पंगतीतसुद्धा कुणीतरी मोबाइल पुढे करतं. "सर, ह्याला तर अकरा हात आहेत. हा तारामासा कसा?"

फोटो बहुतेक वेळा ब्रिसिंगाचा, म्हणजे खोल समुद्रातल्या एका तारामाशाचा असतो. मधे बटणाएवढी चकती, भोवती लांबलचक काटेरी हात. १८५३ साली नॉर्वेच्या हार्डांगर फियॉर्डमध्ये तो पीटर ख्रिस्टेन आस्ब्यॉर्नसेन यांना सापडला. लोककथा गोळा करणारा हाच माणूस, म्हणून नाव ठेवलं तेही नॉर्स पुराणकथांतल्या फ्रेया देवीच्या गळ्यातल्या हारावरून. आमच्या रटाळ लॅटिन नावांत इतका रसिकपणा क्वचितच! आपल्या बाजूलाही तो आहे. मुंबईच्या गोदीत बांधलेल्या 'इन्व्हेस्टिगेटर' जहाजाने जे खोल पाण्यातून उपसलं, त्यातल्या एका जातीचं नाव १८९१ साली ब्रिसिंगा बेंगालेन्सिस असं ठेवलं गेलं.

तर, हात मोजू नका. माझ्या कपाटात किनाऱ्यावरचा एक वाळका, साधा पाच हातांचा तारामासा आहे. तो मी उलटा करून दाखवतो. तोंडापासून प्रत्येक हाताच्या टोकापर्यंत एक उघडी खाच गेलेली दिसते. जिवंतपणी तिच्यात नळीसारख्या पायांच्या रांगा वळवळत असतात. ब्रिसिंगा उलटा केलात तरी तीच खाच. तो हात प्रवाहात उभारून बसतो आणि काट्यांवरच्या बारीक चिमट्यांनी वाहत येणारं खाणं पकडतो, पण खाच तीच. ब्रिटल स्टार हा तारामासा नव्हे, पण दिसायला त्याचा सख्खा भाऊ वाटेल. त्याची खाच मात्र झाकलेली.

झायलोप्लॅक्सपुढे माझी ही युक्तीही फसते. न्यूझीलंडजवळ खोल समुद्रात बुडालेल्या लाकडावर मिळालेला, सेंटिमीटरभरही नसलेला गोल जीव. हातच नाहीत, मग खाच कुठली! नळीपाय कडेकडेने गोलाकार लावलेले. १९८६ साली त्याच्यासाठी कंटकचर्मींचा, म्हणजे तारामासे आणि ब्रिटल स्टार ज्यात येतात त्या प्राणिसंघाचा, सहावा वर्ग काढला गेला. पुढे डीएनए तपासल्यावर स्वारी तारामाशांतलीच निघाली.

एम.एस्सी.च्या पेपरात मी पाचच वर्ग लिहिले होते. सहावा राहिला म्हणून परीक्षकांनी अर्धा मार्क कापला. आता मी पोरांना पाचच शिकवतो.