शंभर मायकन

सकाळी सहाला बास्केटबॉलच्या ग्राउंडवर पोचलो की सर ओरडायचे, "चला, शंभर मायकन मारा!" रिंगच्या उजवीकडून उजव्या हातानं बॉल टाकायचा, जाळीतून आलेला वरच्या वर झेलायचा, लगेच डावीकडून डाव्या हातानं. हात खांद्याच्या खाली आणायचे नाहीत. एप्रिलमध्ये सोलापूरचं ऊन साडेसातलाच चटके देतं. ऐंशीच्या पुढं दंड भरून यायचे. सूर्यनमस्कार तसं मायकन, व्यायामाचंच नाव असेल, असं मी कितीतरी वर्षं समजत होते.

तो माणूस होता. बास्केटबॉलपटू जॉर्ज मायकन. जन्म १९२४, अमेरिकेतलं जोलिएट. सहा फूट दहा इंच, जाड भिंगांचा चष्मा, चालण्या-वळण्यात अवघडलेला. डीपॉल विद्यापीठात रे मेयर या कोचनं त्याच्याकडून दोरीच्या उड्या मारून घेतल्या, त्याला चक्क नाच शिकायला लावलं आणि हाच सराव घोटून घेतला.

हे वाचताना मला रडू आलं. नववीत मी पाच फूट नऊ इंच होते, चष्मा होताच. नव्या पेठेत आईबरोबर गेले की कुणीतरी म्हणायचंच, "एवढी उंच? स्थळ कुठनं आणणार?" मी पोक काढून चालायचे. आणि हा पोरगा उंचीच्याच जोरावर पुढं मिनियापोलिस लेकर्स या संघाला १९४९ ते १९५४ मध्ये पाच विजेतेपदं मिळवून देतो! त्याला रोखायला १९५१ मध्ये रिंगखालचा पट्टा, जिथं हल्ला करणाऱ्याला तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही, तो सहा फुटांचा बारा फूट रुंद केला. त्याआधी, नोव्हेंबर १९५० मध्ये, फोर्ट वेनच्या संघानं लेकर्सविरुद्ध बॉल नुसता धरून ठेवला नि मॅच १९-१८ अशी जिंकली. लेकर्सच्या १८ पैकी १५ गुण एकट्या मायकनचे. असल्या रटाळ खेळामुळंच १९५४ ला २४ सेकंदांच्या आत बॉल रिंगकडं टाकायलाच हवा, हा नियम आला.

शेवट मात्र वाईट. मधुमेहानं पाय कापावा लागला. त्या आजारपणातही तो जुन्या खेळाडूंच्या तुटपुंज्या पेन्शनसाठी भांडत होता. २००५ मध्ये गेला. अंत्यविधीचा खर्च नंतरच्या पिढीतला नामवंत खेळाडू शकील ओनीलनं उचलला.

आमच्या सरांनी बावीस वर्षं मानधनावर काढली. परवा त्यांच्या घरी जाऊन हे सगळं वाचून दाखवलं. सर डोळे मिटून ऐकत होते. झाल्यावर म्हणाले, "ते पेन्शनचं परत वाच गं."