आधी बॅटरी, मग सोनार

"बर्फावरच्या मासेमारीचं थोडं सामान आहे, एटीव्हीही (बर्फावर चालणारी रुंद टायरची छोटी चारचाकी) आहे. पुढचे पैसे कशात घालू?" हा प्रश्न दर हिवाळ्यात येतो, आणि विचारणाऱ्याच्या डोक्यात बहुधा नवा सोनार, म्हणजे पाण्याखालचे मासे दाखवणारं ध्वनियंत्र असतं. माझं उत्तर ठरलेलं आहे: आधी बॅटरी.

पण बॅटरीच्याही आधी पहार, गळ्यात अडकवायचे दोन टोचे (पाण्यात पडलात तर बर्फात रोवून वर यायला) आणि तरंगणारा सूट हवा. नवा, पारदर्शक, घट्ट बर्फ पायी जायला निदान 4 इंच, एटीव्हीला 7 ते 8 इंच लागतो. दुधाळ बर्फाची ताकद साधारण निम्मीच, म्हणून तिथे जाडी दुप्पट धरा. पहार मारत, पुन्हा पुन्हा मोजत पुढे जा.

आता गाडीची बॅटरी. उणे 18 अंशांना लेड-ॲसिड बॅटरीची क्षमता निम्म्याच्या आसपास येते, आणि नेमकं तेव्हाच घट्ट झालेलं ऑइल इंजिन जड करतं. म्हणून मॅन्युअलमध्ये चालत असेल तर थंडीतही पातळ राहणारं 0डब्ल्यू-40 सिंथेटिक ऑइल भरा. उभ्या गाडीत बॅटरीचं व्होल्टेज 12.4 च्या खाली दिसलं की चार्जर लावा. पूर्ण उतरलेली बॅटरी उणे 7 च्या आसपासच गोठते आणि तिचं कवच तडकतं. भरलेली बॅटरी उणे 50 लाही टिकते.

गरम होणाऱ्या मुठी, जास्तीचे दिवे, विंच (गाडी ओढून काढायचं दोराचं यंत्र) बसवण्याआधी एक चाचणी करा. इंजिन मंद चालू ठेवून सगळं एकदम लावा आणि बॅटरीच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. 12.8 पेक्षा कमी आलं, तर स्टेटर (इंजिनमधला वीज तयार करणारा भाग) पुरत नाही आणि बॅटरी उतरते आहे. तिथे मोठी बॅटरी बसवूनही उपयोग नाही. भारच कमी करायला हवा.

सोनारसाठी वेगळी लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घ्या, हलकी पडते. सोनार 1 अँपिअर घेत असेल तर आठ तासांना 8 अँपिअर-तास लागतील. थंडीची तूट धरून 12 अँपिअर-तासांची घ्या. मात्र शून्याखाली ती कधीही चार्ज करू नका. आत लिथियम धातूचा थर साचतो आणि गेलेली क्षमता परत येत नाही. घरी आणल्यावर आधी काही तास उबेत राहू द्या.

सोनार घेताना पडद्याआधी त्याच्या ध्वनिलहरी किती कोनात पसरतात ते बघा. 10 मीटर खोलीवर 20 अंशांचा शंकू तळाला साडेतीन मीटर रुंद होतो, 9 अंशांचा दीड मीटर. उथळ पाण्यात रुंद, खोल पाण्यात अरुंद बरा.

ऑगर, म्हणजे बर्फाला छिद्र पाडायचं गिरमिट, 8 इंची बहुतेकांना पुरतं, छोट्या माशांना 6 इंची. पाती जोडीनेच बदला. एकच नवी असली की ऑगर उड्या मारतं. काम झालं की पाती पुसून टोपण लावा.

टायरची हवा बाहेरच्या थंडीत मोजा, कारण तापमान उतरलं की ती कमी होते. गाडी उभी करायच्या आधी ब्रेक हलका दाबत थोडं अंतर चालवा, म्हणजे पाणी सुकेल. मग ब्रेक लावून न ठेवता गाडी 'पार्क'मध्ये टाका, आणि तीही छिद्रांपासून लांब. वजनाने बर्फ दबला की पाणी छिद्रांतून वर येतं, आणि सकाळी टायर त्यात गोठलेले असतात.