मधल्या नावाचा घोळ

फेब्रुवारी २०२२ मध्ये जर्मन नागरिकत्वाचा अर्ज टाकला आणि मार्च २०२५ मध्ये कागद हातात पडला. तीन वर्षं कशात गेली असं कुणी विचारलं, की मी सांगते, निम्मी वाट बघण्यात आणि निम्मी माझ्या मधल्या नावात.

आम्ही दोघं २०१३ साली दक्षिण जर्मनीत आलो. तेव्हाच्या कायद्याने नागरिकत्वासाठी आठ वर्षं भरावी लागत. ती भरली, जर्मन भाषेचा बी-वन, म्हणजे मधल्या पातळीचा दाखला होताच, मग नागरिकत्वाची परीक्षा दिली. ती परीक्षा म्हणजे गंमत आहे. ३३ प्रश्न, १७ बरोबर आले की पास, आणि ३१० प्रश्नांचा अख्खा संच आधीच जाहीर केलेला. ईस्टरला जर्मनीत काय करतात? दाराशी भोपळे ठेवतात, झाड सजवतात, अंडी रंगवतात की रॉकेटं उडवतात? तासाभराचा पेपर मी पंधरा मिनिटांत देऊन बाहेर आले. म्हटलं, पुढचंही असंच उरकेल.

दोन महिन्यांनी अर्जाची पोच आली. तीत फाइलचा नंबर आणि खाली एक ओळ: चौकशी करू नये, त्याने कामाला उशीर होतो. पुढे वर्षभर काही नाही. इथे सरकारी उत्तर पोस्टाने येतं, त्यामुळे ऑफिसातून आल्यावर चपला काढायच्या आधी पेटी उघडायची सवय लागली. पेटीत बहुधा पिझ्झाची पत्रकं.

मार्च २०२३ मध्ये पहिलं पत्र आलं. जन्मदाखला आणा. दाखला होता, नगरपालिकेचाच, पण त्यात बाळाच्या नावाच्या रकान्यात आडवी रेघ. बारशाआधी नोंद झाली आणि नंतर नाव घालायला कुणी गेलंच नाही. आमच्या पिढीत हे घरोघरी सापडेल. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर सगळं आयुष्य निघून जातं. आईला फोन केला तर म्हणाली, "अगं, तू कोण ते अख्ख्या गल्लीला माहितीय की."

मग टर्मिन मिळाली, म्हणजे भेटीची वेळ. टेबलापलीकडच्या बाई वागायला चांगल्या होत्या. त्यांनी माझे कागद पत्त्यांसारखे मांडले. शाळेच्या दाखल्यावर मधे वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. पासपोर्टवर मधे नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. लग्नानंतर आडनाव बदललं हे त्यांना लगेच समजलं. पण आपल्या पासपोर्टात मधलं नाव स्वतःच्या नावाला चिकटून त्याच रकान्यात येतं, आणि इथे लग्नाने आडनाव बदलतं, स्वतःचं नाव नाही.

"लग्नानंतर तुमचं पहिलं नाव बदललं?"

"पहिलं नाही, मधलं."

"इथे दोन्ही पहिलीच आहेत." त्यांनी पेन्सिलीने दोन्हींखाली रेघ मारली. "म्हणजे आधी तुमचं नाव एका पुरुषाचं होतं, आणि आता दुसऱ्या पुरुषाचं आहे?"

काय उत्तर देणार? बाई अगदी बरोबर बोलल्या होत्या.

इकडे भावाने नगरपालिकेत चार खेपा घातल्या. नाव घालायची पंधरा वर्षांची मुदत कधीच उलटली होती, पण शासनाने ती वाढवून दिलेली म्हणून निभावलं. प्रतिज्ञापत्र, शाळेचा दाखला, चहा, "साहेब आज रजेवर आहेत", आणि शेवटी बेचाळीस वर्षांनी माझ्या जन्माला माझं नाव मिळालं. मला वाटलं, आता अपॉस्टिल, म्हणजे आपला कागद परदेशात चालावा म्हणून मारतात तो सरकारी शिक्का, घेतला की झालं. तर नाही. भारत २००५ मध्ये अपॉस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आला, पण जर्मनीने भारताच्या प्रवेशाला आक्षेप घेतलेला, त्यामुळे आपलं अपॉस्टिल इथे चालत नाही. खरा दाखला खरा आहे का, याची तिकडे वेगळी पडताळणी. त्यात आणखी आठ महिने गेले.

ऑफिसातला एक जर्मन सहकारी म्हणाला, दावा लाव. तीन महिन्यांत निर्णय नाही आला तर अर्जदार कोर्टात जाऊ शकतो, तशी सोय कायद्यातच आहे. मी लावला नाही. ज्यांच्या टेबलावर आपली फाइल त्यांच्यावरच दावा, हे मन धजेना. आज वाटतं, लावायला हवा होता.

२७ जून २०२४ ला नवा कायदा आला. आठाची पाच वर्षं झाली आणि मूळ नागरिकत्व सोडायची अटही गेली. ओळखीचे लोक अभिनंदन करू लागले. अहो, जर्मनीने अट काढली, भारताने कुठे काढली? १९५५ च्या आपल्या कायद्यात कलम ९ आहे, परदेशी नागरिकत्व घेतलं की आपलं संपलं. आमच्या वाट्याला त्या कायद्यातून एवढंच आलं, की ज्यू समाजाचं संरक्षण आणि जर्मनीची ऐतिहासिक जबाबदारी मान्य असल्याचं नवं निवेदन सही करून द्यायचं. शिवाय आधीच्या पगारपावत्या शिळ्या झाल्या होत्या, त्या पुन्हा.

शेवटी २५५ युरो भरले आणि सहा-सात जणांबरोबर एका लहानशा खोलीत उभी राहून, या देशाची घटना आणि कायदे पाळीन, त्याला हानी होईल असं काही करणार नाही, हे वाक्य मोठ्याने वाचलं. सराव केला होता तरी आवाज चिरकला. बाईंनी हात मिळवला. प्रमाणपत्रावर नवऱ्याचं नाव माझं दुसरं नाव म्हणून कायमचं बसलं आहे.

भारतीय पासपोर्ट जमा केला, तो रद्दचा शिक्का मारून परत आला. ओसीआय कार्ड, म्हणजे मूळच्या भारतीयांना व्हिसाशिवाय भारतात येऊ देणारं कार्ड, यायला वेळ होता आणि मे महिन्यात भाचीचं लग्न. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा भारताच्या व्हिसाचा फॉर्म भरायला बसले. आधीचं नागरिकत्व: भारत. आताचं नागरिकत्व जन्माने की अर्जाने: अर्जाने. तिसऱ्या प्रश्नाला नवरा शेजारून हसायलाच लागला.

तुम्ही कधी नाव बदललं आहे का?