आमची वाटचाल : एकेक मोळा काढत

बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या वखारीवर पाटी आहे, वर कन्नड, खाली मराठी. मराठीत लिहिलंय, 'जुनी घरे उतरवून मिळतील.' 'पाडून' लिहा, लोकांना पटकन कळेल, असं पाटी रंगवणाऱ्यानं सुचवलं होतं. वडिलांनी ऐकलं नाही. ज्या घरात माणसं जन्मली त्याला 'पाडणं' हा शब्द लावू नये, हा त्यांचा हट्ट. शिवाय पाडायला जेसीबी आहेच, मग आम्हाला कोण कशाला बोलावेल? तरी आठवड्यातून एखादा येऊन विचारतोच, "मामा, तासाला किती घेता?" तासाचा हिशोब यंत्राचा. आमचा हिशोब लाकडाचा.

वडील सुतार. १९९७ साली जवळच्याच एका घराचं काम आलं. घरमालकाकडे रोख पैसे नव्हते. वडील म्हणाले, मजुरी देऊ नका, निघेल ते लाकूड द्या. सोप्यावरच्या दोन सागवानी तुळया, मत्तीचे (ऐनाचे) वासे, चार दारं आणि खानापुरी कौलं, एवढ्यावर व्यवहार ठरला. तेव्हा मी अठरा वर्षांचा. धंदा सुरू झालाय हे आम्हाला दोघांनाही कळलं नव्हतं. आम्हाला वाटलं, एक काम मिळालं.

पहिली तुळई कापायला अड्ड्यावर नेली आणि त्याच दिवशी अद्दल घडली. आत तुटलेला मोळा, म्हणजे खिळा, राहिला होता. डोकं उडालेलं, वरून लाकडाच्या रंगाचं झालेलं, दिसणार कसं? करवतीचा पट्टा त्यावर आला, खाडकन आवाज झाला आणि सगळे मागे पळाले. कोणाला लागलं नाही हे नशीब. पट्ट्याची भरपाई देताना त्या कामात उरलेलं सगळं गेलं, वर अड्डेवाल्यानं बजावलं की जुनं लाकूड परत इकडे आणायचं नाही. पुढं दोन वर्षं आम्हाला त्या अड्ड्यात उभं केलं नाही. त्याची चूक नव्हती. मोळा आम्ही तोडला होता, काढला नव्हता.

आमच्याकडे तेव्हा हत्यार काय होतं? भिंतीसाठी पाच फुटी पहार, आमचे कन्नड गडी जिला हारी म्हणतात ती. एक हातोडा, एक जंबूर. आणि लोहाराकडून बांधकामाची सळी वाकवून, टोकाला चीर पाडून घेतलेली, मोळे उपटायची एक कटावणी. ती पहिल्याच वाड्यात वाकली. तेव्हा लोहाराला नावं ठेवली, कारण नंतर कळलं. टीएमटी सळीची ताकद तिच्या बाहेरच्या कडक थरात असते, भट्टीत लाल केली की तो थर संपतो. लोहारानं मन लावून काम केलं होतं, वस्तूच चुकीची होती.

मग ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचं पोलाद घेतलं. त्याची कटावणी वाकत नाही, पण तिला पाणी नीट द्यावं लागतं, म्हणजे लाल तापवून पाण्यात बुडवावं लागतं. आमच्या पहिल्या दोन पाण्यातनं काढून तशाच वापरल्या. काचेसारख्या कडक झालेल्या. एकीच्या टोकाचा टवका उडून माझ्या नडगीत घुसला, तो व्रण अजून आहे. उद्यमबागेत फोर्जिंगच्या कारखान्यात कामाला असलेल्या एका शेजाऱ्यानं दोष सांगितला. पाणी दिल्यावर कानशीनं घासून उजळ करायची, परत हळूहळू तापवायची आणि रंग बघत बसायचं. आधी गवताच्या काडीसारखा पिवळा येतो, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. पिवळ्यावर थांबवलं तर धार टिकते पण टोक तुटतं. कटावणी निळ्यावर आणायची. तिला धारेपेक्षा चिवटपणा हवा.

आज दुकानात तयार कटावण्या चांगल्या मिळतात, सगळ्याच बनवून घ्यायचं कारण उरलेलं नाही. पण घेताना मी वरून लावलेला रंग बघत नाही, रंगाखाली बऱ्याच गोष्टी झाकता येतात. आधी चीर बघतो. दोन पाकळ्यांमधली फट मुळापर्यंत निमुळती होत गेली पाहिजे आणि आतल्या कडा तीक्ष्ण पाहिजेत. डोकं नसलेला मोळा त्या कडांनीच धरला जातो. फट गोल, गुळगुळीत असेल तर मोळा निसटतो आणि आपण मागे पडतो. पाकळ्या टोकाला पातळ हव्यात, नाहीतर डोक्याखाली शिरतच नाहीत. दांडा अठपैलू घ्यावा, घामेजल्या हातात गोल दांडा फिरतो. मानेजवळ वेल्डिंगचा सांधा दिसला तर ती तिथंच ठेवायची. आणि दुकानदार ओळखीचा असेल तर कोपऱ्यावर कानस फिरवून बघायची. कानस थोडी चावली पाहिजे. लोण्यासारखी शिरली तर कटावणी मऊ, नुसती घसरली तर फार कडक.

किती लांबीची, हा प्रश्न प्रत्येक नवा पोरगा विचारतो आणि प्रत्येकाला सगळ्यात लांब पाहिजे असते. तीन फुटी कटावणी माळ्याच्या फळ्या उचलायला बरी. मोळे काढायला दोन फुटी पुरते. दांडा चोवीस इंच आणि टाच, म्हणजे लाकडावर टेकतो तो बाक, मोळ्यापासून दीड इंचावर, म्हणजे सोळापट. वीस किलोच्या जोरानं ओढलं तर मोळ्यावर सव्वातीनशे किलोच्या आसपास जोर येतो. यापेक्षा जास्त लागत असेल तर काहीतरी चुकतंय, जोर नव्हे. दांड्यावर पाइप घालून लांबी वाढवणाऱ्याला मी त्या दिवसापुरता कौलं उचलायला पाठवतो.

दारं-चौकटींना हे जाड हत्यार लावायचं नाही. त्याला चपटी पट्टी, पोलादाचीच पण लवचीक, हातोड्यानं हळूच फटीत सारायची. आणि लाकडात रुतलेल्या डोक्यांसाठी एक वीतभर लांबीचं, टोकाला वाकडं अणकुचीदार हत्यार, त्याला आमचे गडी 'वाघनख' म्हणतात. ते डोक्याच्या मागे ठेवून ठोकायचं, लाकडात शिरून डोक्याला खालून पकडतं. लाकडाला थोडी जखम होते. पण आत राहिलेल्या मोळ्यापेक्षा ती परवडते, हे अड्ड्यावर शिकलोच होतो.

वापरण्यात एक गोष्ट सांगून कोणालाच पटत नाही, करून दाखवावी लागते. गंजलेला मोळा ओढायच्या आधी अर्धा सूत (आठ सूत म्हणजे एक इंच) आत ठोकायचा. गंजानं लाकडाला धरलेली पकड सुटते, 'कट्' असा आवाज येतो. मग ओढायचा. मोळा दुसऱ्या बाजूनं मुरडलेला असेल तर आधी तिकडून सरळ करायचा. मोळा इंचभर वर आला की कटावणीची टाच मागे सरकते, जोर कमी पडतो आणि मोळा वाकायला लागतो. इथं बहुतेक जण हिसका देतात. इथंच थांबून टाचेखाली लाकडाचा ठोकळा सरकवायचा. ठोकळ्यानं उंची मिळते, तुळईवर वळही उठत नाही. आमच्याकडे प्रत्येक गड्याच्या कमरेला ठोकळा बांधलेला असतो, लोक हसतात.

मोळ्यांचंही वय ओळखता येतं. फार जुन्या घरात लोहारानं घडवलेले चौकोनी मोळे. ते खाली निमुळते असतात, एकदा हलले की भसकन निघतात. नंतरचे तारेचे खिळे शेवटच्या सुतापर्यंत भांडतात. मत्तीच्या लाकडात मोळ्याभोवती काळं कडं पडतं, वाघनख कुठं मारायचं ते कडंच सांगतं. त्याहून जुन्या कामात मोळे कमीच, सगळं कुसवात, म्हणजे एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत, बसवलेलं आणि लाकडी खुंट्या. तिथं कटावणी बाजूला ठेवून लाकडी मोगरी घ्यायची. असं काम आलं की वडील चहा सोडून उठायचे.

मोठं काम म्हणाल तर निपाणीची एक तंबाखूची वखार. पन्नास फूट लांब छप्पर, सगळं सागवानी. निपाणी म्हटलं की बाहेरच्यांना १९८१चं शेतकऱ्यांचं तंबाखू आंदोलन आठवतं, मला शिंका आठवतात. लाकडाच्या प्रत्येक सांध्यात तपकीर बसलेली. एक मोळा ओढला की धुरळा, की सगळे शिंकणार. तोंडाला पंचे बांधून बावीस दिवस काम केलं. ते लाकूड धुऊन, उन्हात टाकूनही सहा महिने वासाचं राहिलं. शेवटी गोव्याच्या एका गिऱ्हाईकानं वासासकट नेलं आणि वर म्हणाला, हेच तर पाहिजे होतं.

रस्ता रुंदीकरणाची कामं वेगळी. लाल रेघ सोप्याच्या मधोमध, पुढचं अर्धं घर काढायचं आणि मागे माणसं राहतायत. अशा घरात वासा कुठं संपतो ते आधी बघायचं, कारण तो रेघ बघून संपत नाही. हेस्कॉमचा विजेचा मीटर काढल्याशिवाय कौलाला हात लावायचा नाही, हा नियम तिथंच केला. एका भिंतीतून जिवंत वायर निघाली होती.

ऑगस्ट २०१९च्या पुरानं आणि पावसानं शहरात आणि खेड्यात मातीच्या भिंतींची घरं बसली. आम्हाला दिवसाला पाच-सहा फोन यायचे. धंदा म्हणून बघितलं तर सुगी, पण त्या महिन्यात मी जितकी कामं घेतली त्याहून जास्त नाकारली. अर्धवट पडलेल्या घरात कुठल्या मोळ्यावर किती भार आलाय ते कळत नाही. एरवी मोळा फळी धरून ठेवतो, तिथं तो छप्पर धरून असू शकतो. कटावणीपेक्षा टेकू जास्त लागले. जेसीबीला ते काम द्या असं मी स्वतः सांगितलं, त्याबद्दल घरात बोलणीही खाल्ली.

नेहमीच्या घराचा क्रम मात्र ठरलेला. आढ्याची कौलं, मग दोन्ही उतारांवरून सारखी कौलं, एकच बाजू मोकळी करायची नाही. मग रीपा, वासे, शेवटी तुळया. काढलेला मोळा लगेच बादलीत, मोळे असलेली फळी कधीही टोकं वर करून ठेवायची नाही. टोकं पायात जातात. धनुर्वाताचं इंजेक्शन कोणी कधी घेतलं ते वहीत लिहिलेलं असतं. गॉगल लावायला गडी अजूनही कुरकुरतात.

आता मुलगा बघतो. त्यानं हातात धरायचं धातू शोधणारं यंत्र आणलंय, तुळईवरून फिरवलं की मोळा असेल तिथं वाजतं. अड्डेवाले आता आम्हाला दारात उभं करतात, तो १९९७चा अड्डासुद्धा. वडील गेल्यावर त्यांची निळी केलेली पहिली कटावणी मुलानं भिंतीला टांगायची म्हटलं. मी काढून परत पेटीत टाकली, तिची चीर अजून चांगली आहे.

पुढच्या आठवड्यात नंदगडच्या बाजूला एक घर आहे, पावसाच्या आत उतरवायचं. आजी म्हणाल्यात, देवघराची चौकट अखंड पाहिजे, नव्या घरात लावायची आहे. बघून आलो, खालच्या उंबऱ्याला अकरा मोळे आहेत, सगळे चौकोनी. दोन वाघनखं बोथट झालीत, ती उद्या लोहाराकडे टाकायची आहेत.